जुन्या टीव्हीवरची ॲप्स बंद पडलीत? कोल्हापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतून येवो की गगनबावड्याच्या वाटेवरच्या गावातून, प्रश्नाची सुरुवात बहुतेक एकच असते: "टीव्ही अगदी चांगला आहे, पण ॲप उघडत नाही." सारखे विचारले जाणारे असे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. दुकानात जाण्याआधी निदान पहिले पाच वाचाच, कारण सगळ्यात जास्त पैसे घाईमुळे वाया जातात.

१. कालपर्यंत चालणारं ॲप आज अचानक बंद कसं पडलं? टीव्ही बिघडला का?

बहुतेक वेळा नाही. स्मार्ट टीव्हीत दोन वेगळ्या वस्तू एकत्र असतात. एक पडदा, जो दहा-बारा वर्षं सहज टिकतो. दुसरा आतला छोटा संगणक, जो पाच-सात वर्षांत मागं पडतो. ॲप बंद पडतं ते या दुसऱ्यामुळं, आणि त्याची कारणं साधारण चार:

पहिलं, ॲपवाल्या कंपनीनं जुन्या प्रणालीसाठी ॲप बनवणं थांबवलेलं असतं. यूट्यूबनं एप्रिल २०१५ मध्ये जुनी जोडणी बंद केली, तेव्हा २०१२ आणि त्याआधीच्या अनेक टीव्हींवरचं यूट्यूब गेलं. दुसरं, व्हिडिओची चोरी रोखणारं सॉफ्टवेअरचं कुलूप बदलतं. १ डिसेंबर २०१९ पासून सॅमसंगच्या २०१० आणि २०११ च्या काही टीव्हींवर नेटफ्लिक्स बंद झालं ते यामुळंच. तिसरं, सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपते. गाडीच्या पीयूसीला मुदत असते तशीच यालाही असते. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जगभरातल्या कितीतरी जुन्या उपकरणांना चालू असलेल्या सेवाही "असुरक्षित" वाटू लागल्या. चौथं, व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत बदलते. जुन्या चिपला एच.२६४ कळतं, पण नव्या एव्ही१ चा तिला गंधही नसतो.

२. ॲप कायमचं गेलंय की तात्पुरता घोळ आहे, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

या क्रमानं बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

१) टीव्ही रिमोटनं बंद करू नका, पिन काढून दोन मिनिटं थांबा. रिमोटनं टीव्ही फक्त झोपतो.
२) सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ बघा. वीज गेल्यावर बरेच जुने टीव्ही थेट २०१० किंवा २०१२ सालात जातात. तारीख चुकली की प्रमाणपत्रं चुकीची ठरतात आणि एकही ॲप उघडत नाही. तारीख हातानं बरोबर करा. निम्म्या तक्रारी इथंच मिटाव्यात इतकं हे कारण नेहमीचं आहे.
३) दुसरं ॲप उघडून बघा. सगळीच बंद असतील तर नेटचा किंवा तारखेचा प्रश्न, एकच बंद असेल तर त्या ॲपचा.
४) घरचं वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही जोडा. तिथं चाललं तर दोष राउटरकडं आहे (प्रश्न १३).
५) ॲपचा कॅश, म्हणजे त्यानं साठवलेली तात्पुरती माहिती, साफ करा. "डेटा साफ करा" हे बटण वेगळं असतं. त्यानं लॉगिन जातं, म्हणून पासवर्ड हाताशी असल्याशिवाय ते दाबू नका.

एवढं करून "हे उपकरण आता समर्थित नाही" अशा अर्थाचा संदेश येत असेल, तर ॲप कायमचं गेलं समजा. नुसता आकड्यांचा एरर कोड आला तर त्याचा फोटो काढून ठेवा, पुढं लागतो.

३. माझा टीव्ही नेमका कोणत्या सालचा हे कुठं बघायचं? बिल सापडत नाही.

टीव्हीच्या मागं स्टिकर असतो, त्यावर मॉडेल नंबर मिळतो. भिंतीला लावलेला असेल तर सेटिंगमधल्या "अबाउट" किंवा "सपोर्ट"मध्ये बघा. सॅमसंगचं सोपं आहे: "यूए" आणि इंचाच्या आकड्यानंतरचं अक्षर साल सांगतं. एफ म्हणजे २०१३, एच २०१४, जे २०१५, के २०१६, एम २०१७, एन २०१८. हे मॉडेल बाजारात आल्याचं साल. दुकानात तोच टीव्ही पुढं दोन-तीन वर्षं विकला जातो, म्हणून २०१८ च्या दिवाळीत घेतलेला टीव्ही २०१५ चा निघू शकतो.

सालाला महत्त्व का? सॅमसंगनं टायझन प्रणाली २०१५ पासून आणली, एलजीनं वेबओएस २०१४ पासून, सोनीनं अँड्रॉइड टीव्ही २०१५ पासून. त्याआधीच्या टीव्हींची ॲप्स परत येण्याची आशा सोडलेली बरी.

४. सॉफ्टवेअर अपडेट केलं तर ॲप परत येईल का?

कधी कधी. नेटवरून अपडेट मिळत नसेल तर कंपनीच्या सपोर्ट पानावर तुमचा अचूक मॉडेल नंबर टाकून फाइल उतरवा, एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीच्या मेनूतून "यूएसबीवरून अपडेट" निवडा. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची ते त्याच पानावर दिलेलं असतं.

दोन गोष्टी सांभाळा. मॉडेल नंबरात एका अक्षराचा फरक असला तरी ती फाइल टाकू नका. आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर टीव्ही कायमचा बंद पडू शकतो, म्हणून वळवाच्या दिवसांत दुपारनंतर हे काम काढू नका. सकाळी करा, इन्व्हर्टर असेल तर त्यावर.

शेवटचं अपडेट चार-पाच वर्षांपूर्वीचं असेल तर कंपनीनं त्या मॉडेलवरून हात काढून घेतलाय. प्रश्न ६ कडे वळा.

५. मेकॅनिक म्हणतोय फॅक्टरी रिसेट मारा. मारू का?

नको. निदान पहिला उपाय म्हणून तर अजिबात नको. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच आहे.

बऱ्याच जुन्या उपकरणांवर ॲप स्टोअरमधून काढून टाकलेलं असतं, पण आधीपासून बसवलेली प्रत चालत राहते. रिसेट मारलं की ती प्रत जाते आणि स्टोअरमध्ये पुन्हा मिळत नाही. चालू असलेली बाकीची ॲप्सही हातची जातात. ॲप "काढून परत टाकतो" म्हणण्यातही हाच धोका आहे: काढण्याआधी स्टोअरमध्ये ते ॲप शोधून, ते खरंच दिसतंय ना हे बघा.

मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट (मोबाइलवरचा व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं गूगलचं छोटं उपकरण) जगभर एकदम बंद पडली. कारण होतं मुदत संपलेलं प्रमाणपत्र. गूगलनं तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की रिसेट करू नका. ज्यांनी धीर धरला त्यांची काही दिवसांत अपडेट येऊन आपोआप सुरू झाली. ज्यांनी घाईनं रिसेट केलं त्यांना ती पुन्हा जोडताना वेगळा त्रास झाला.

६. मग नवा टीव्हीच घ्यायचा का?

पडदा चांगला असेल आणि मागं एचडीएमआयची एक जागा असेल तर नवा टीव्ही घेऊ नका. बाहेरून स्टिक (एचडीएमआयच्या जागेत खोचायचं, स्वतःच ॲप्स चालवणारं छोटं उपकरण) किंवा तसाच बॉक्स लावा, टीव्हीचा "स्मार्ट" भाग विसरून जा. साधारण अडीच ते पाच हजारांत काम होतं, आणि पाच वर्षांनी स्टिक मागं पडली तरी फक्त स्टिकच बदलायची. ब्रॉडबँड कंपनीनं दिलेला सेट-टॉप बॉक्स घरात असेल तर त्यात हवी ती ॲप्स आहेत का हे आधी तपासा. कितीतरी घरांत तो माळ्यावर पडून असतो.

घेताना: तुमचा टीव्ही ७२०पी किंवा १०८०पी असला तरी परवडत असेल तर ४के स्टिक घ्या. चित्र टीव्हीच्याच दर्जाचं दिसेल, पण या स्टिकची मेमरी आणि वेग बहुधा जास्त असतो, म्हणून ती जास्त वर्षं तग धरते. घरी कोणती ॲप्स बघितली जातात त्यांची यादी करा आणि ती त्या स्टिकच्या स्टोअरमध्ये आहेत याची खात्री पैसे देण्याआधी करा. जुनी नावं शोधत बसू नका: जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ पासून जिओहॉटस्टार या एकाच ॲपमध्ये आलेत.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर दोष स्टिकचा नाही. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये सॅमसंगवर "स्क्रीन फिट", एलजीवर "जस्ट स्कॅन" निवडा.

७. स्टिक लावली, पण ती सारखी बंद-चालू होतीय. खराब पीस दिला का?

आधी वीज कुठून दिलीय ते बघा. टीव्हीच्या यूएसबीतून बहुधा ५ व्होल्ट, ०.५ अँपिअर मिळतं, म्हणजे अडीच वॅट. स्टिकला निदान ५ व्होल्ट, १ अँपिअर लागतं. मेनू दिसेपर्यंत ती चालते आणि व्हिडिओ लावला की जोर कमी पडून पुन्हा सुरू होते. खोक्यात आलेला अडॅप्टर आणि त्याचीच केबल वापरा, पिन भिंतीच्या बोर्डात लावा.

खोक्यातली वीतभर एचडीएमआय एक्स्टेंशन केबलही फेकू नका. स्टिक टीव्हीच्या पाठीशी आणि लोखंडी ब्रॅकेटच्या मध्ये अडकली की वायफाय पकडत नाही, शिवाय तापते.

८. आमच्याकडं जुना डबा टीव्ही आहे, एचडीएमआयच नाही. काही जुगाड?

आहे, आणि तो चालतो. एचडीएमआय-टू-एव्ही कन्व्हर्टर घ्या, तीन-चारशे रुपयांना मिळतो. एका बाजूला स्टिक, दुसऱ्या बाजूला पिवळी, पांढरी, लाल पिन. खरेदीतली नेहमीची चूक म्हणजे उलट दिशेचा कन्व्हर्टर, एव्ही-टू-एचडीएमआय. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून डबीवरचा बाण वाचा. बाजूचा छोटा खटका "पाल"वर ठेवा. "एनटीएससी"वर राहिला तर काही टीव्हींवर चित्र काळं-पांढरं येतं किंवा लोळतं. कन्व्हर्टरला स्वतःची वीज लागते, ती वेगळ्या अडॅप्टरनं द्या.

अक्षरं बारीक आणि पुसट दिसणार, त्याला इलाज नाही. फक्त काही ॲप्सनाच चित्र काळं येत असेल तर पुढचा प्रश्न बघा.

९. आवाज येतो, मेनू दिसतो, पण पिक्चर लावला की पडदा काळा. असं का?

एचडीसीपी नावाचं, चित्राची नक्कल रोखणारं कुलूप आडवं येतंय. स्टिकपासून पडद्यापर्यंतच्या साखळीतल्या प्रत्येक उपकरणाला ते समजावं लागतं. मधला स्वस्त स्प्लिटर, स्विच किंवा कन्व्हर्टर ते समजत नसेल तर पिक्चर अडतो. मधलं सगळं काढून स्टिक थेट टीव्हीला लावून बघा, मग दुसऱ्या एचडीएमआय जागेत, मग सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०पी किंवा ७२०पी करून. ४के चित्राला एचडीसीपी २.२ लागतं, ते जुन्या होम थिएटर ॲम्प्लिफायरमध्ये नसतं. अशा वेळी स्टिक टीव्हीला आणि आवाज ऑप्टिकल केबलनं ॲम्प्लिफायरला द्या. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल ५.१ पर्यंत आवाज जातो, त्यापुढचे प्रकार जात नाहीत.

१०. चार वर्षांपूर्वी लोकल कंपनीचा "अँड्रॉइड टीव्ही" घेतला. ओटीटीवर चित्र धुरकट येतं, काही ॲप्स टाकताच येत नाहीत. नेट तर फास्ट आहे.

हा टीव्ही बहुधा खरा अँड्रॉइड टीव्ही नाही, त्यात मोबाइलचं अँड्रॉइड बसवलेलं आहे. ओळखायची खूण: पडद्यावर माउसचा बाण फिरवावा लागतो, ॲप्स मोबाइलसारखी दिसतात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये "अबाउट"खाली उपकरण प्रमाणित आहे की नाही हे लिहिलेलं असतं. प्रमाणित नसेल तर वाइडवाइन या चोरी रोखणाऱ्या कुलुपाची फक्त एल३ ही खालची पातळी मिळते आणि ओटीटी कंपन्या साधारण ४८०पी चित्रच पाठवतात. एचडीसाठी एल१ लागतं. ते कारखान्यातच बसवलेलं असतं, नंतर कुणालाही बसवता येत नाही. कुणी त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका. पडदा वापरा, स्टिक लावा (प्रश्न ६).

११. बाजारात "सगळी चॅनेल फुकट" असा बॉक्स मिळतोय. घेऊ का?

घेऊ नका. असल्या अप्रमाणित बॉक्सांत कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरलेलं सापडलं आहे. बॅडबॉक्स २.० नावाच्या अशा जाळ्यात जगभरातली एक कोटीहून जास्त उपकरणं सापडली आणि जुलै २०२५ मध्ये गूगलनं त्याविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला. तो बॉक्स तुमच्याच वायफायवर बसतो, ज्या वायफायवर तुमचा बँकेचा मोबाइलही असतो. शिवाय फुकटची चॅनेल चोरीची असतात, आज आहेत तर उद्या नाहीत.

१२. पेनड्राइव्हवरून ॲपची फाइल टाकली तर?

अँड्रॉइड टीव्हीवर फाइल बसू शकते, पण कामाला येईलच असं नाही. ॲपला लागणारी अँड्रॉइडची किमान आवृत्ती टीव्हीत नसेल तर ते बसणारच नाही, आणि बसलं तरी कुलुपाचा प्रश्न तसाच राहतो (प्रश्न १०). सॅमसंगच्या टायझनवर आणि एलजीच्या वेबओएसवर या फाइली चालतच नाहीत. अनोळखी ठिकाणाहून घेतलेल्या फाइलमध्ये आपला पासवर्ड टाकणं म्हणजे घराची किल्ली रस्त्यावर ठेवणं.

१३. शाहू स्टेडियमवरची मॅच यूट्यूबवर लावली की टीव्हीवर नुसतं गोल फिरतंय, मोबाइलवर मस्त चालतंय. असं का?

मोबाइल ५ गीगाहर्ट्झच्या वायफायवर असतो. जुन्या टीव्हीला फक्त २.४ समजतं, आणि पेठेतल्या दाटीवाटीच्या घरांत त्या पट्ट्यावर शेजारपाजारचे डझनभर राउटर भांडत असतात. त्यातून लाइव्ह प्रक्षेपणाला साठवून ठेवायला वेळ मिळत नाही, म्हणून ते आधी अडखळतं. टीव्हीला मागं लॅनची जागा असेल तर सरळ केबल ओढा, याच्यासारखा उपाय नाही. नाहीतर चित्राचा दर्जा ४८०पी किंवा ७२०पी करा. १०८०पी साठी ५ एमबीपीएस पुरतं, पण ते टीव्हीपर्यंत पोचायला हवं.

नवा राउटर बसवल्यावर टीव्हीला वायफायच जोडत नसेल तर सुरक्षेचा प्रकार "डब्ल्यूपीए३" असा आहे का बघा. राउटरच्या सेटिंगमध्ये तो "डब्ल्यूपीए२" किंवा मिश्र करा, आणि २.४ चं नाव वेगळं ठेवा.

१४. मोबाइल किंवा लॅपटॉपवरून टीव्हीवर दाखवता येईल ना?

लॅपटॉपवरून येईल. एचडीएमआय केबल लावा, विंडोज आणि पी ही दोन बटणं एकत्र दाबून "डुप्लिकेट" निवडा, आवाज आला नाही तर आवाजाच्या यादीत टीव्हीचं नाव निवडा. व्हीजीए केबलला एचडीसीपी नसतं, तिथं ओटीटी अडू शकतं.

मोबाइलचं जरा अवघड आहे. स्क्रीन मिररिंग केलं की यूट्यूब दिसतं, पण पैसे भरून बघायची ॲप्स बहुधा काळा पडदा दाखवतात. टाइप-सी ते एचडीएमआय केबल सगळ्या मोबाइलना चालत नाही. टाइप-सी मधून चित्र बाहेर देण्याची सोय मोबाइलमध्येच असावी लागते आणि स्वस्त मोबाइलमध्ये ती बहुतेक नसते. केबल घेण्याआधी तुमच्या मॉडेलची माहिती वाचा. कास्टचा, म्हणजे मोबाइलवरून सांगून व्हिडिओ थेट टीव्हीवर लावण्याचा, आधारही आता कमी होतोय: २०२५ च्या अखेरीस नेटफ्लिक्सनं रिमोट असलेल्या बहुतेक टीव्ही-स्टिकवर मोबाइलवरून कास्ट करणं बंद केलं.

१५. जुना क्रोमकास्ट, ॲपल टीव्ही, ब्ल्यू-रे प्लेअर, गेमचा डबा... यांचं काय?

पहिल्या क्रोमकास्टला (२०१३) गूगल २०२३ पासून अपडेट देत नाही, चालतोय तोवर वापरा. तिसऱ्या पिढीच्या ॲपल टीव्हीवरून यूट्यूब मार्च २०२१ मध्ये गेलं, नेटफ्लिक्स ३१ जुलै २०२४ ला. निन्टेन्डो वी या गेमच्या डब्यावरचं नेटफ्लिक्स जानेवारी २०१९ च्या अखेरीसच संपलं.

ब्ल्यू-रे प्लेअरवरची ॲप्स गेली तरी डिस्क चालत राहतात, त्यामुळं तो भंगारात देऊ नका. फक्त नवी डिस्क उघडत नसेल तर प्लेअरला नव्या किल्ल्या लागतात, त्या फर्मवेअर अपडेटमधून येतात. पद्धत प्रश्न ४ सारखीच.

१६. आजीला एकच रिमोट कळतो. दोन रिमोट तिला जमत नाहीत हो.

एचडीएमआय-सीईसी चालू करा. सॅमसंगवर त्याचं नाव ॲनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. मग स्टिकचं होम बटण दाबलं की टीव्ही आपोआप सुरू होऊन स्टिकवर येतो. सीईसी नसेल तर स्टिकच्या रिमोटच्या सेटिंगमध्ये टीव्हीची कंपनी निवडा, म्हणजे आवाज आणि बंद-चालू त्याच रिमोटनं होतं. होम पडद्यावर आजीची दोन-तीन ॲप्स सगळ्यात आधी आणून ठेवा.

१७. सेकंडहँड स्मार्ट टीव्ही स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

"स्मार्ट"ची किंमत शून्य धरून भाव करा. पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून डाग बघा, सगळ्या एचडीएमआय जागा स्टिक लावून तपासा. वळवात वीज पडली की झटका केबलवाल्याच्या वायरीतून किंवा लॅनमधून येतो आणि बऱ्याचदा एखादी एचडीएमआय जागाच जाते, टीव्ही वरून ठणठणीत दिसतो. मागचे स्क्रू गंजलेले असतील किंवा जाळीत वाळलेला गाळ दिसला तर नको म्हणा. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी घरांत पाणी शिरलं होतं, आणि पाण्यात बसलेलं सर्किट कोरडं झालं तरी आतून गंजत राहतं.

१८. ॲप गेलं तरी पैसे कापले जाताहेत. शिवाय खोक्यावर त्या ॲपचं चित्र होतं, तक्रार करता येते का?

ॲप काढून टाकल्यानं वर्गणी थांबत नाही. जिथून घेतली तिथंच रद्द करावी लागते: ॲपच्या खात्यातून, प्ले स्टोअरमधून किंवा यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे यादीतून.

टीव्ही वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला लेखी कळवा. मॉडेल, सिरियल नंबर, एरर कोडचा फोटो, बिल आणि खोक्याचा फोटो जोडा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. सात-आठ वर्षांच्या टीव्हीसाठी मात्र इथं वेळ घालवू नका, वॉरंटीत दुसऱ्या कंपनीच्या ॲपची हमी बहुधा दिलेली नसते.

१९. जुना टीव्ही किंवा स्टिक देऊन टाकायचीय. आधी काय करू?

फॅक्टरी रिसेट करायची खरी वेळ ही. ॲप उघडतच नसेल तर मोबाइलवरून प्रत्येक सेवेच्या खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीतून तो टीव्ही काढा. स्टिक विकताना ॲमेझॉन किंवा गूगल खात्यातूनही तिची नोंद काढा, नाहीतर नव्या मालकाच्या खरेदीचं बिल तुमच्या खात्यावर येऊ शकतं.

बंद पडलेला असेल तर अधिकृत ई-कचरा संकलनातच द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार उत्पादकांवर ई-कचऱ्याची जबाबदारी आहे, म्हणून कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा. डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, तो फोडून भंगारात घालू नका.